नवीन टायपिंग सॉफ्टवेअर टाकल्यापासून घरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय, दिवाळी अंकाचं काम अडकलंय

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीहून लिहितेय. घरीच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि सध्या एका दिवाळी अंकाची पानं लावायला घेतलीयत त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. मशीन असेंबल्ड आहे, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. आजवर कधी काही त्रास नव्हता, मुलगा पण त्यावरच अभ्यास करतो.

झालं असं की मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन घेतलं, लॉकवालं, म्हणजे यूएसबीला ते छोटं डोंगल लावल्याशिवाय उघडतच नाही ते. टाकून द्यायला जो मुलगा आला होता त्याला आधी लॉक डिटेक्टच होईना, बराच वेळ खटपट केली, मग त्याने विंडोजच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन कुठलं तरी बटण बंद केलं, स्वतःच्या पेनड्राइव्हमधून लॉकचा ड्रायव्हर टाकला आणि चालू करून दिलं. जाताना एक फ्री अँटीव्हायरस पण टाकून गेला, म्हणाला असू दे.

त्या दिवसापासून काम करता करता स्क्रीन एकदम काळी होते, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी येतं, टक्के पळतात आणि आपोआप रीस्टार्ट होतो. वाचायला सुद्धा वेळ मिळत नाही. पानं लावताना आणि पीडीएफ काढताना जास्त होतं, पण कधी नुसतं नेट बघत असताना पण होतं. आणि कधीकधी तर काहीच न लिहिता खट्टकन बंद होऊन परत चालू होतो. दर पाच मिनिटांनी सेव्ह करत बसावं लागतंय, पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरची, एक फाइल खराब पण झाली.

दुकानवाले म्हणतात सीपीयू घेऊन या, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. पण माझे फॉन्ट, जुनी कामं, सेटिंग सगळं त्यात आहे आणि ते परत बसवायला किती दिवस जातील देव जाणे, अंकाची पानं तर प्रेसला द्यायचीयत. खरंच फॉरमॅटशिवाय उपाय नाही का? आणि हे सॉफ्टवेअरमुळेच होतंय की मशीनच गेलंय हे मला घरबसल्या कसं कळेल? मला कॉम्प्युटर वापरता चांगला येतो पण आतलं काही कळत नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

स्पीडपोस्ट

ताई फॉरमॅट मारून टाका. नव्या विंडोजवर सगळं सुरळीत चालतं, माझा पण असाच प्रॉब्लेम होता, दोन तासात मोकळा. डेटा आधी डी ड्राइव्हला घेऊन ठेवा म्हणजे झालं.

मधला वाडा

फॉरमॅट अजिबात मारू नका ताई, निदान आत्ता तरी नाही. कारण सांगतो. फॉरमॅट मारल्यावर तुम्ही परत तेच टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकणार, परत तोच मुलगा तोच पेनड्राइव्ह घेऊन येणार आणि परत तोच ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, बसणार. दोष त्या ड्रायव्हरमध्ये असेल तर नवीन विंडोजवर पण हेच होणार, फक्त मधे तुमचे चार दिवस गेलेले असतील. आणि कॉम्प्युटर प्रत्येक वेळी पडताना कोणामुळे पडला याची नोंद ठेवतो, ती नोंद फॉरमॅटमध्ये पुसली जाते. ती आधी वाचूया. मी ऑफिसात हेच काम करतो, लोकांची मशीनं बघायचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात पहिलं काम, आज आत्ता, अंकाच्या सगळ्या फाइली, फॉन्टचं फोल्डर आणि जुनी कामं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. डी ड्राइव्हवर नको, बहुतेक वेळा डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो, डिस्क गेली तर दोन्ही जातं. कॉपी करताना मधेच बंद पडत असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन करा, म्हणजे स्टार्टच्या पॉवर बटणात रीस्टार्टवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरायचं, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचं. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त स्वतःचे जरुरीपुरते ड्रायव्हर उचलतं, बाहेरून टाकलेलं काही चालू करत नाही. तिथे तुमचं लॉक चालणार नाही, सॉफ्टवेअर उघडणार नाही, पण फाइली कॉपी होतील. आणि तिथे तासभर मशीन चालू ठेवून बघा, सेफ मोडमध्ये एकदाही पडलं नाही तर संशय नव्याने टाकलेल्या गोष्टींवर जातो, तिथे पण पडलं तर मशीनच्या भागांवर जातो. एक सांगून ठेवतो, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधून सेफ बूटची टिक लावा असं यूट्यूबवर सांगतात ते करू नका, ती टिक काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतं आणि लोक अडकून बसतात. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असेल तर या सगळ्या भानगडीत बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, ४८ आकडी की मागू शकतो, ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बघून कागदावर लिहून ठेवा.

आता ती काळी स्क्रीन. घाबरू नका, ही आपली जुनी निळी स्क्रीनच आहे, विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तिचा रंग काळा केलाय आणि ते रडकं तोंड काढून टाकलंय, म्हणून बरेच लोक ओळखत नाहीत, त्यांना वाटतं मॉनिटर गेला. त्या स्क्रीनवर खाली स्टॉप कोड येतो आणि बऱ्याचदा कुठली फाइल फेल झाली ते पण येतं. वाचायला वेळ मिळत नाही म्हणताय तर विंडोज आणि आर दाबून तिथे सिसडीएम डॉट सीपीएल टाईप करा, ॲडव्हान्स्ड टॅब, खाली स्टार्टअप अँड रिकव्हरीचं सेटिंग्ज, आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा. आता पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील, मोबाईलने फोटो काढा आणि मग बटण दाबून बंद करा.

दुसरं, स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाईप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर येतो. ही विंडोजमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे असं माझं मत आहे. तारखेप्रमाणे रांगोळीसारखा तक्ता दिसतो, कुठल्या दिवशी काय टाकलं आणि कुठल्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या ते समोरासमोर दिसतं. तुमच्या फुल्या त्या मुलाने सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवसापासूनच आहेत की आधीपासून एखाददुसरी होती, ते बघून सांगा.

तिसरं, सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर आहे. दर वेळी पडताना तिथे एक छोटी फाइल तयार होते. ती वाचायला निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, छोटंसं आहे, त्यांच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडून नको. ते उघडलं की वर यादी येते, त्यात कॉज्ड बाय ड्रायव्हर असा रकाना आहे, त्यात काय नाव आहे ते प्रत्येक ओळीचं इथे लिहा.

हे एवढं करा, बाकी काही काढू नका, टाकू नका. एका वेळी अनेक गोष्टी बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही.

निळाई

मला एक कळत नाही, एखादं टायपिंगचं सॉफ्टवेअर बिघडलं तर ते सॉफ्टवेअर बंद पडायला हवं ना, अख्खा कॉम्प्युटर कसा काय बंद पडतो? माझ्याकडे एक्सेल हँग होतं तेव्हा फक्त एक्सेल बंद होतं.

मधला वाडा

चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर कळलं की बाकी सगळं कळतं. एक्सेल, ब्राउझर, पेजमेकर हे सगळे स्वतःला दिलेल्या मेमरीतच वावरतात, त्यांनी गडबड केली की विंडोज त्यांना बंद करून पुढे जातं. पण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरचा नव्हे पण लॉकचा, ग्राफिक्सचा, अँटीव्हायरसचा, हे थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतात, तिथे त्यांना सगळ्या मेमरीला हात लावता येतो. तिथे कोणी चुकीच्या जागी लिहिलं की विंडोजला कळत नाही अजून काय काय बिघडलंय, मग तुमच्या डिस्कवर चुकीचं काही लिहिलं जाण्याआधी ते मुद्दाम सगळं थांबवतं. म्हणजे ती स्क्रीन हा बिघाड नाहीये, बिघाड वाढू नये म्हणून लावलेला ब्रेक आहे.

१९ जुलै २०२४ आठवतोय का, विमानतळांवर सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले होते आणि आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते? ते हेच होतं. क्राउडस्ट्राइकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरला एक सदोष फाइल अपडेटमधून गेली, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसलेला, त्याने नको तिथली मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीनं पडली. उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल डिलीट करायची. कोणी ८५ लाख मशीनं फॉरमॅट मारली नाहीत.

हार्डवेअरकाका सोलापूर

वाड्याने सांगितलंय ते बरोबर आहे पण ताई तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, तुम्ही लिहिलंय की कधीकधी काहीच न लिहिता खट्टकन बंद होतो. हा वेगळा आजार आहे. ड्रायव्हरमुळे पडलं तर विंडोजला ती स्क्रीन दाखवायला आणि फाइल लिहायला वेळ मिळतो. करंटच तुटला तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं बंद. दोन आजार एकाच वेळी असू शकतात, तीस वर्षं रिपेअरिंग करतोय, बऱ्याचदा बघितलंय, लोक एक सापडला की दुसरा शोधायचं सोडून देतात.

ओळखायचं कसं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, तिथे कर्नल पॉवर नावाच्या लाल नोंदी असतील, नंबर ४१. ही नोंद दोन्ही प्रकारात येते त्यामुळे नुसती ती बघून पॉवर सप्लाय बदलायला जाऊ नका. त्या नोंदीवर डबल क्लिक करून डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे काही आकडा असेल तर ती काळी स्क्रीन येऊन पडलेलं आहे. तिथे ० असेल तर बहुतेक करंट, गरमी किंवा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय.

इचलकरंजी म्हणताय म्हणून अजून एक विचारतो, घराजवळ माग आहेत का? यंत्रमागाच्या भागातल्या मशीनमध्ये कापसाची बारीक तूस जाऊन बसते, साधी धूळ फुंकरीने उडते पण ही तूस हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये चिकटून बसते, पंखा फिरत राहतो आणि हवा आत जातच नाही. पीडीएफ काढताना प्रोसेसरवर लोड येतो, तेव्हाच जास्त पडतं म्हणताय, हे पण त्याला जुळतं. प्लग काढून, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरून मग साइडचं झाकण उघडा, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने पुसा आणि टक आवाज येईपर्यंत बसवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, त्यात बंद असताना पण करंट साठलेला असतो. आणि यूपीएस आहे का, त्याची बॅटरी केव्हा बदलली होती?

अक्षरजुळणी

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. काल रात्री आधी सगळी कामं बाहेरच्या डिस्कवर घेतली, आता निम्मं टेन्शन गेलं. सेफ मोडमध्ये बराच वेळ चालू ठेवला, मुलाला त्याच्यातच वर्डमध्ये निबंध टाईप करायला बसवलं, एकदाही पडला नाही.

रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये अगदी स्पष्ट दिसतंय, सॉफ्टवेअर टाकलं त्या तारखेच्या आधी एक पण लाल फुली नाही, त्या दिवसापासून रोज आहेत. ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये बहुतेक ओळींत एकच नाव आहे, शेवटी डॉट सिस असलेली एक फाइल, इथे नाव लिहीत नाही कारण कंपनीचं नाव त्यात आहे पण ते लॉकवर छापलंय तेच आहे. काही ओळींत मात्र एनटीओएसकर्नल असं आहे, म्हणजे विंडोजच पण खराब झालंय का? आणि स्क्रीनचा फोटो मिळाला, त्यावर ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल असं आहे.

काका, कर्नल पॉवर ४१ च्या नोंदी उघडून बघितल्या, बऱ्याच ठिकाणी २०९ आहे आणि काही ठिकाणी खरंच ० आहे. माग समोरच्या गल्लीत आहेत, दिवसभर चालू असतात. यूपीएस आहे, बॅटरी घेतल्यापासून बदललेली नाही.

मधला वाडा

हे तर आरशासारखं स्वच्छ आलं. २०९ म्हणजे कॉम्प्युटरच्या सोळाच्या (हेक्साडेसिमल) मोजणीत डी१, आणि डी१ म्हणजेच तुम्ही फोटोत वाचलेला स्टॉप कोड. म्हणजे फोटो, डंप आणि इव्हेंट व्ह्यूअर तिघंही एकच सांगतायत. एनटीओएसकर्नल बघून घाबरू नका, ती विंडोजच्या गाभ्याचीच फाइल आहे, मेमरी दुसऱ्याने बिघडवलेली असते आणि ती वापरायला गेल्यावर पडतं हे, म्हणून नाव याचं येतं. बाकी सगळीकडे एकच बाहेरचा ड्रायव्हर दिसत असताना विंडोज खराब झालं असं धरू नका. मनाच्या समाधानासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्पेस स्लॅश स्कॅननाऊ एकदा चालवा, त्याने विंडोजच्या फाइली तपासल्या जातात.

आता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स या फोल्डरात ती फाइल शोधा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे व्हर्जन आणि कॉपीराइटचं वर्ष दिसेल. माझा अंदाज दहा-बारा वर्षं जुना ड्रायव्हर निघेल. त्या मुलाने जे सिक्युरिटीचं बटण बंद केलं ते जवळपास नक्की मेमरी इंटिग्रिटी असणार, विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे असतं ते. ते चालू असताना विंडोज असल्या जुन्या ड्रायव्हरला आत घेतच नाही, म्हणून लॉक डिटेक्ट होत नव्हतं. विंडोज नको म्हणत होतं तो ड्रायव्हर दार उघडून आत घेतला गेला आणि त्याने व्हायचं तेच केलं. हे बघून मला खरंच राग येतो, कारण असं करणारे खूप आहेत आणि गिऱ्हाइकाला सांगत पण नाहीत काय बंद केलं ते. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली टेस्ट मोड असं काही लिहून येतंय का ते पण बघा, येत असेल तर ड्रायव्हरवरच्या कंपनीच्या डिजिटल सहीची तपासणी पण बंद केलेली आहे, तसं असेल तर सांगा, ती चालू करायची कमांड देतो.

उपाय असा. लॉक काढून बाजूला ठेवा. सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जाऊन लॉकचा ड्रायव्हर, कधी त्याला रनटाइम असं नाव असतं, तो अनइन्स्टॉल करा. हे नेहमीच्या विंडोजमध्ये करा, सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा चालू नसते त्यामुळे बरीच सॉफ्टवेअर तिथून निघत नाहीत. मग रीस्टार्ट. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हायसेस करा, लॉकची पुसट दिसणारी जुनी नोंद असेल तर तिच्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, आणि ड्रायव्हर पण काढा अशी टिक येते ती लावा. परत रीस्टार्ट. मेमरी इंटिग्रिटी चालू करून बघा, अजून जुना ड्रायव्हर राहिला असेल तर ते चालू होणार नाही आणि कुठला ड्रायव्हर नडतोय त्याची यादी स्वतःच दाखवेल, हा फार चांगला पुरावा असतो. यादीत काही आलं तर नाव इथे टाका.

सगळं साफ झालं की लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, टायपिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या नव्हे, या बहुतेक दोन वेगळ्या कंपन्या असतात, विंडोज ११ चा सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवून घ्या. लॉक न लावता आधी ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट, आणि मग लॉक लावा, तेही सीपीयूच्या मागच्या बाजूच्या यूएसबीला, पुढच्या पोर्टच्या वायरी कित्येकदा ढिल्या असतात. साइटवर नसेल तर टायपिंगवाल्यांना मेल करा, त्यात स्टॉप कोड, फाइलचं नाव आणि तिचं व्हर्जन लिहा. नुसतं कॉम्प्युटर बंद पडतो लिहिलं तर ते पण फॉरमॅट मारा म्हणतील.

अँटीव्हायरसचं म्हणाल तर डंपमध्ये त्याचं नाव नाहीये म्हणून त्याच्यावर आळ घेत नाही. बाहेरचा एक टाकला की विंडोजचा डिफेंडर स्वतःहून मागे हटतो, त्यामुळे भांडण पण नाही. पण गरज पण नाही. हे सगळं मिटल्यावर दोन दिवसांनी काढा, आत्ता नको, आणि काढल्यावर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल पण चालवा कारण त्यांचे ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून पण मागे राहतात.

हार्डवेअरकाका सोलापूर

आणि जिथे ० आहे त्याचं मी सांगतो. सगळं सेव्ह करून, सॉफ्टवेअर बंद करून, नुसता डेस्कटॉप समोर ठेवून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. लगेच कॉम्प्युटर बंद पडला तर बॅटरी संपली. घरगुती यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत ती बसते, माग चालू-बंद होताना व्होल्टेज खालीवर होतं आणि प्रत्येक वेळी यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसला की मशीन आडवं. बॅटरी चांगली निघाली तर मग एसएमपीएसकडे बघू. तूस मात्र साफ कराच.

म्हापसा डेस्क

विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. ताई, अंक झाल्यावर शांतपणे युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येते त्या अक्षरपद्धतीचा, विचार करा. पेजमेकरचं शेवटचं मोठं व्हर्जन, ७, हे २००१ सालचं आहे, त्यात युनिकोड मराठी चालत नाही म्हणून आपण सगळे त्या जुन्या फॉन्टांवर आणि लॉकवर अडकून पडलोय, लॉक हरवलं किंवा ड्रायव्हर गेला की स्वतःचंच काम स्वतःला उघडत नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर हे सेटिंग लावलं की जोडाक्षरं नीट येतात, फुकटातलं हवं तर स्क्रायबसची नवी व्हर्जन पण बघा. मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आतच आहे, इनस्क्रिप्ट पण आणि उच्चाराप्रमाणे टाईप करायचा पण, त्याला कसलंच लॉक लागत नाही. मुक्त आणि शोभिका हे फॉन्ट फुकट आहेत आणि छपाईत सुंदर दिसतात. आमच्याकडे जुनी कामं कन्व्हर्टरने हळूहळू बदलतोय, र्‍य आणि रफार तपासावे लागतात, वेळ जातो, पण एकदा झालं की कुठल्याही मशीनवर उघडतं.

अक्षरजुळणी

अपडेट देते. फाइलच्या डिटेल्समध्ये वर्ष २०१२ निघालं! वाड्याचा अंदाज बरोबर. आणि बटण पण तेच, मेमरी इंटिग्रिटीच बंद होतं. टेस्ट मोड वगैरे काही लिहून येत नाही. सांगितलंत तसं लॉक काढून ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, तरी मेमरी इंटिग्रिटी चालू होईना, यादीत तीच फाइल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती पुसट नोंद सापडली, टिक लावून काढली, रीस्टार्ट केल्यावर बटण चालू झालं. लॉकच्या कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर मिळाला, तो टाकून लॉक मागच्या पोर्टला लावलं आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर पहिल्याच फटक्यात उघडलं, मेमरी इंटिग्रिटी चालू असताना!

यूपीएसचा प्लग काढला तर क्षणात सगळं बंद. नवीन बॅटरी आजच बसवून घेतली. आतली तूस बघून घरातले सगळे थक्क झाले, बाहेरून काही दिसतच नव्हतं. त्यानंतर दिवसभर पानं लावली, मोठमोठ्या पीडीएफ काढल्या, एकदाही पडला नाही आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची नवीन नोंद नाही. खराब झालेली फाइल मात्र उघडली नाही, त्यातली काही पानं परत लावतेय.

आता एवढंच विचारते, पुढच्या वेळी काही टाकायच्या आधी काय करून ठेवू म्हणजे परत ही वेळ आली तर मागे जाता येईल?

मधला वाडा

फार छान झालं ताई, आणि तुम्ही पायरीपायरीने केलंत म्हणून झालं. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट असं शोधा, तिथे सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑफ दिसण्याची शक्यता जास्त आहे, बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. कॉन्फिगरमध्ये जाऊन चालू करा, जागा ५ ते १० टक्के द्या, आणि काहीही नवीन टाकायच्या आधी तिथेच क्रिएट दाबून त्या दिवसाचं नाव देऊन पॉइंट बनवा. गडबड झाली तर तिथूनच सिस्टिम रिस्टोअर करायचं, विंडोज उघडतच नसेल तर ट्रबलशूटच्या यादीतून पण करता येतं. त्याने तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर निघून जातात. हा फाइलींचा बॅकअप नव्हे, तो बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यावाच लागतो, अंक प्रेसला जाईपर्यंत रोज रात्री घ्या. आणि पेजमेकरमध्ये एकाच फाइलमध्ये सगळा अंक न ठेवता सोळा सोळा पानांच्या फाइली करा, एखादी खराब झाली तरी तेवढीच जाते.

सॉफ्टवेअर टाकायला कोणी आलं तर शेजारी बसा आणि विंडोज सिक्युरिटीतलं काही बंद केलं की तिथल्या तिथे विचारा का आणि परत चालू कधी करणार. त्या मुलाला हा नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर देऊन टाका, तो तुमच्या गावात अजून बऱ्याच ठिकाणी जात असणार.

अक्षरजुळणी

त्याला आत्ताच फोन केला, उद्या येऊन घेऊन जातो म्हणालाय, आणि ज्यांच्याकडे जुना टाकलाय त्या सगळ्यांकडे बदलून देतो म्हणाला. रिस्टोअर पॉइंट बनवला, प्रोटेक्शन खरंच ऑफ होतं.